लेस्टर यंग आणि नाचणाऱ्यांची पावले



संगीताविषयी बोलताना आपल्या डोळ्यांसमोर दोनच माणसे असतात: एक वाजवणारा आणि एक ऐकणारा. जाझच्या गोष्टीत मात्र तिसरा माणूस आहे आणि त्याला वगळले तर ती गोष्ट मला अपुरी वाटते. हा तिसरा म्हणजे नाचणारा. आजच्या व्याख्यानासाठी मी लेस्टर यंग हा सॅक्सोफोनवादक निवडला तो या नाचणाऱ्यासाठीच. टेनर सॅक्सोफोनवर ज्यांनी नवी वाट पाडली, त्यांत लेस्टरचे नाव अगदी वर घ्यावे लागते. पण तो त्या वाटेला लागला कसा, हे शोधत गेले की जवळजवळ प्रत्येक वळणावर नाच भेटतो.

लेस्टरचा जन्म २७ ऑगस्ट १९०९ चा, मिसिसिपी राज्यातल्या वूडव्हिल गावचा. वाढला तो न्यू ऑर्लिन्सच्या समोर, नदीपलीकडच्या अल्जियर्स वस्तीत. त्या काळच्या न्यू ऑर्लिन्समध्ये बँड सभागृहात बसलेला नसे, रस्त्यावर असे. मयताला बँड, सणाला बँड. रात्री कुठे नाच आहे याची दवंडीसुद्धा गाडीवर बसवलेला बँडच देई. त्या गाडीबरोबर पोरे हँडबिले वाटत धावत. लेस्टर त्यांतला एक. ढोल वाजायला लागला की आपल्याला राहवत नसे, त्याच्यामागे पळत सुटायचो, असे त्याने पुढे सांगितले आहे. मिरवणुकीत वादकांच्या पाठोपाठ नाचत चालणाऱ्या लोकांना तिथे 'सेकंड लाइन' म्हणतात. म्हणजे या मुलाने संगीत पहिल्यांदा ऐकले ते पाय हलते ठेवून आणि नाचणाऱ्या गर्दीत.

वडील विलिस हँडी यंग बँडमास्तर होते. अनेक वाद्ये स्वतः वाजवत आणि दुसऱ्यांना शिकवत. आईवडील वेगळे झाले आणि १९१९ च्या सुमारास वडिलांनी लेस्टर, इर्मा आणि ली या तिन्ही मुलांना बरोबर नेले. मग सुरू झाली ती फिरती. जत्रा, तंबूतले खेळ, काळ्या प्रेक्षकांसाठी चालणारी नाटकगृहे. या कुटुंबाच्या बँडमध्ये पोरांनी फक्त वाजवून भागत नसे. गायचे, नाचायचे, हशा पिकवायचा, सगळे आलेच. इर्मा सॅक्सोफोन वाजवी आणि नाचेही. धाकटा ली मोठेपणी नामांकित ड्रमर झाला, नॅट किंग कोलच्या साथीला बसला. लेस्टरने सुरुवात केली ती ड्रमवर.

ड्रम त्याने का सोडले, त्याचे कारण त्याच्याच तोंडचे आहे. खेळ संपला की एखादी मुलगी थांबलेली असे, पण ड्रमचा सगळा पसारा आवरून होईपर्यंत ती दुसऱ्या कुणाबरोबर निघून गेलेली असे. सॅक्सोफोनवाल्याने पेटी बंद केली की तो मोकळा! तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचे हे कारण मला अगदी खरे वाटते. त्याने वाद्य बदलले, पण हातातला ड्रमर काही गेला नाही. पुढे त्याच्या वादनात आपण ऐकतो की एकच सूर तो वेगवेगळ्या बोटांनी, पुन्हा पुन्हा धरतो. स्वर तोच, पण प्रत्येक वेळी त्याचा रंग थोडा वेगळा, आणि त्या एका सुरातून नुसता ताल उभा राहतो. हे काम ड्रम वाजवलेल्या माणसालाच सुचावे.

आणखी एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. लेस्टर कानाने वाजवत होता. बहिणीने एकदा वाजवले की याच्या बोटांत आलेच. वडिलांनी नोटेशनचा कागद समोर ठेवला तेव्हा हे उघड झाले आणि त्यांनी मुलाला बँडबाहेर काढले: वाचायला शिक, मग परत ये. मुलगा रडला, शिकला, परत आला. वडील कठोर होते यात शंका नाही. पण काळ्या वादकाला पोट भरायचे तर दोन्ही यायला हवे, हे त्यांना ठाऊक होते. मोठ्या बँडमध्ये लिहिलेले वाजवता आलेच पाहिजे आणि नाचाच्या रात्री लिहिलेले संपल्यावरही वाजवत राहता आले पाहिजे.

हे कुटुंब पुढे मिनियापोलिसला स्थिरावले. वडिलांनी पुन्हा दक्षिणेकडचा दौरा ठरवला तेव्हा लेस्टरने नकार दिला. दक्षिणेत काळ्या माणसाच्या वाट्याला काय येते ते त्याने पाहिले होते, आणि तिकडे पाऊल टाकायचे नाही हे त्याने ठरवले होते. कॅन्सस राज्यातल्या सलायना गावी, अठरा-एकोणीस वर्षांचा असताना, तो बापाचा बँड सोडून आर्ट ब्रॉन्सनच्या बँडमध्ये गेला. टेनर सॅक्सोफोन त्याच्या हाती आला तो तिथे.

आता त्या आवाजाविषयी. त्या वेळी टेनर म्हणजे कोलमन हॉकिन्स. भरदार, रुंद, कंप घेत घुमणारा आवाज. हॉकिन्स थोरच होता आणि सगळे त्याच्यासारखे वाजवू पाहत होते. लेस्टरचा कान मात्र दुसरीकडे लागला. फ्रँकी ट्रम्बाउअर नावाचा गोरा वादक सी-मेलडी सॅक्सोफोन वाजवी. टेनरपेक्षा लहान, हलक्या आवाजाचे हे वाद्य. १९२७ ची त्याची 'सिंगिन द ब्लूज' ही तबकडी लेस्टर जवळ बाळगून असे. टेनरमधून त्याला तसाच हलका, सरळ, कंप जवळजवळ नसलेला आवाज काढायचा होता. कारण एवढेच दिले जाते की त्याला ट्रम्बाउअर आवडला. माझे म्हणणे असे की तो आवडण्यामागेही नाचच होता. वर्षानुवर्षे जो माणूस नाचणाऱ्यांसमोर वाजवतो, त्याला जड आवाज फरशीवर बसलेला जाणवतो, आणि हलका आवाज पाय उचलून देतो.

या आवाजाची किंमत त्याला मोजावी लागली. १९३४ मध्ये हॉकिन्स युरोपला गेला आणि फ्लेचर हेंडरसनच्या नामांकित बँडमध्ये त्याच्या जागी लेस्टरला बोलावले. बँडमधल्यांनी कुरकुर केली: हा टेनर वाटतच नाही. हेंडरसनची पत्नी लिओरा सकाळी त्याला हॉकिन्सच्या तबकड्या लावून ऐकवी, असे वाजवता येईल का म्हणून. तिचा हेतू चांगला होता. लेस्टर आदराने ऐके आणि रात्री आपल्यासारखेच वाजवी. शेवटी तो निघाला. निघताना त्याने हेंडरसनकडून एक पत्र मागून घेतले, की याला काढून टाकलेले नाही. पंचविशीतल्या मुलाचा हा स्वाभिमान मला त्याच्या कुठल्याही तबकडीइतकाच मोलाचा वाटतो.

तो परतला कॅन्सस सिटीच्या मुलखात. त्या भागातले बँड शेकडो मैल मोटारीने जाऊन गावोगावच्या नाचघरांत वाजवत. तिकीट काढणारा नाचायला आलेला असे, त्याचे पाय थांबले तर पुढच्या वेळी बोलावणे नाही. मंदीच्या काळातही कॅन्सस सिटीचे क्लब रात्रभर चालत, कारण राजकीय पुढारी टॉम पेंडरगास्टच्या राजवटीत कायदा तिकडे बघत नसे. अशाच एका क्लबात, रेनो क्लबमध्ये, काउंट बेसीचा बँड वाजवत होता आणि लेस्टर त्यात होता. तो रेडिओवरून शिकागोपर्यंत ऐकू गेला आणि तिथून या माणसांचे नशीब पालटले.

९ नोव्हेंबर १९३६ ला शिकागोत बेसीच्या पाच वादकांनी गायक जिमी रशिंगला घेऊन एक ध्वनिमुद्रण केले. करार दुसऱ्या कंपनीशी झालेला असल्याने तबकडीवर नाव आले 'जोन्स-स्मिथ इनकॉर्पोरेटेड'. लेस्टर सत्तावीस वर्षांचा होता आणि स्टुडिओत येण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती. त्यातले 'शू शाइन बॉय' मी तुम्हाला नंतर ऐकवणार आहे, त्याआधी खाली काय चालले आहे ते सांगतो. वॉल्टर पेजचा बास एका बारमध्ये, म्हणजे चार मात्रांच्या एका खणात, चार सारखी पावले टाकतो, एकही न चुकवता, चालणाऱ्या माणसासारखी. ड्रमर जो जोन्सने ठेक्याचा मुख्य भार पायाखालच्या मोठ्या ड्रमवरून काढून झांजांच्या जोडीवर नेला आहे, त्यामुळे ताल ठोकला जात नाही, वाहतो. बेसीचा पियानो मोजकाच बोलतो. या वाहत्या जमिनीवर लेस्टर चौसष्ट बार एकटा वाजवतो. त्याचे वाक्य बारच्या रेषेशी थांबत नाही, रेषा ओलांडून पुढे जाऊन टेकते. मधे तो श्वास घेतो, जागा सोडतो, आणि त्या रिकाम्या जागेतही ताल चालूच असतो.

आता नाचणाऱ्याकडे वळू. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, लेनॉक्स अव्हेन्यूवर १४० आणि १४१ क्रमांकाच्या रस्त्यांमध्ये, मार्च १९२६ मध्ये सॅव्हॉय बॉलरूम उघडली. हार्लेममधल्याच कॉटन क्लबमध्ये काळे वाजवत आणि नाचत, पण प्रेक्षक गोरेच. सॅव्हॉयच्या दारात ती अट नव्हती. इथे काळे-गोरे एकाच फरशीवर नाचले. १९३० च्या दशकातल्या अमेरिकेत हे केवढे मोठे होते, याचा अंदाज आज येणे कठीण आहे. १९४३ मध्ये अनैतिकतेचा ठपका ठेवून शहराने ती काही महिने बंद ठेवली. खरे खुपले ते हे एकत्र नाचणे, असे हार्लेमला तेव्हाही वाटत होते आणि मलाही तसेच वाटते. आत फरशी लाकडी, आणि वादकांचे मंच दोन, शेजारी शेजारी. एक बँड थांबला की दुसरा उचलून धरी, संगीत खंडत नसे.

या फरशीवर लिंडी हॉप हा स्त्री-पुरुषांनी जोडीने करायचा नाच वाढला. त्याची मूळ हालचाल 'स्विंग आउट', मात्रा आठ. पहिल्या दोन मात्रांत ती त्याच्याकडे येते. तीन-चारला तो तिला पाठीवर हात देऊन फिरवतो. पाच-सहाला ती सुटते, आणि सात-आठला दोघे हाताच्या टोकाशी ताणून उभे, पुन्हा ओढले जायला तयार. गंमत आहे ती तीन-चार आणि सात-आठमध्ये. तिथे दोन मात्रांत तीन पावले बसवायची, आणि तीही सारख्या अंतराची नाहीत. पहिले लांब, मधले चोरटे, तिसरे पक्के. स्विंगमध्ये, म्हणजे त्या काळच्या नाचाच्या जाझमध्ये, एका मात्रेचे दोन भाग करताना जसा पहिला लांबतो आणि दुसरा आखडतो, तसेच हे. नाचणारे मधूनच सहा मात्रांच्या हालचाली घालतात, त्या आठाच्या आवर्तनावरून घसरत जातात आणि पुढे कुठेतरी पुन्हा जुळतात. लेस्टरचे रेषा ओलांडणारे वाक्य ऐकताना मला हीच पावले दिसतात. कुणी कुणाकडून घेतले हा हिशेब मांडता येणार नाही, पण दोन्ही एकाच फरशीवर, एकाच रात्री चालले होते.

लावणीला ढोलकीवाला ज्या नजरेने नाचणारीच्या पायांकडे बघत असतो, ती नजर ज्यांनी फडात पाहिली आहे, त्यांना सॅव्हॉयमधले वादक-नर्तकांचे नाते मी जास्त समजावून सांगायला नको. १९३५ मध्ये फ्रँकी मॅनिंग या तरुणाने सॅव्हॉयच्या स्पर्धेत फ्रीडा वॉशिंग्टन या जोडीदारणीला पाठीवरून उलटे पलटवून बरोबर तालात जमिनीवर उतरवले. लिंडी हॉपमधली पहिली हवेतली उडी म्हणून ती ओळखली जाते. वाजवत होता चिक वेबचा बँड. मॅनिंग सांगत असे की वादक त्याच्या पावलांवर लक्ष ठेवून होते, प्रत्येक झटका ते टिपून देत होते. लेस्टरनेही आयुष्याच्या अखेरीकडे एका मुलाखतीत हेच उलट बाजूने सांगितले. नाचासाठी वाजवायला मजा येते, कारण आपल्यालाही नाचायला आवडते, आणि नाचणाऱ्यांचा ताल वाजवताना आपल्याकडे परत येतो.

१६ जानेवारी १९३८ ची रात्र घ्या. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये बँडप्रमुख बेनी गुडमनची ती गाजलेली मैफल होती. जिथे सिंफनी ऐकली जाते तिथे, खुर्च्यांत बसलेल्या लोकांसमोर, जाझ मानाने वाजले. इतिहासाची पुस्तके या मैफलीला फार मोठी जागा देतात, आणि ती द्यायलाही हवी. तिथल्या जॅम सेशनमध्ये बेसी आणि त्याच्या सोबत्यांबरोबर लेस्टरही वाजवायला होता. मैफल आटोपून ही मंडळी हार्लेमला गेली, कारण त्याच रात्री सॅव्हॉयमध्ये बेसीच्या आणि चिक वेबच्या बँडची टक्कर होती. गायला एका बाजूला एला फिट्झजेराल्ड, दुसऱ्या बाजूला बिली हॉलिडे. कोण जिंकले यावर तेव्हापासून आजतागायत वाद आहे. मला विचाराल तर त्या रात्री मला कार्नेगीचे तिकीट नको होते, सॅव्हॉयचे हवे होते.

बिली हॉलिडेचे नाव आले म्हणून थोडे थांबतो. १९३७ च्या जानेवारीत दोघांनी एकत्र ध्वनिमुद्रण सुरू केले. तिने त्याला 'प्रेझ' म्हटले, त्याने तिला 'लेडी डे'. ती गात असताना तो मागून जे वाजवतो त्याला साथ म्हणणे मला अपुरे वाटते. तो तिच्या ओळीच्या मधल्या जागा शोधतो, तिथे दोन-चार सूर ठेवतो आणि बाजूला होतो. गाण्याचे शब्द पाठ नसतील तर ते गाणे वाजवू नये, असे त्याचे मत होते. लिंडी हॉपमध्येही चांगला जोडीदार हेच करतो: समोरच्याला जागा देतो.

मग फरशी पायाखालून निघायला लागली. १९४४ मध्ये अमेरिकी सरकारने करमणुकीच्या जागांवर कर बसवला, आधी तीस टक्के आणि त्याच वर्षी कमी करून वीस टक्के. जिथे नाच किंवा गाणे आहे तिथे कर, नुसते वाद्यसंगीत बसून ऐकले तर नाही. मालकांनी सरळ हिशेब केला. नाचाच्या जागेत टेबले मांडली, मोठा बँड काढून चार-पाच वादक ठेवले. हा कर १९६५ च्या अखेरपर्यंत टिकला. स्विंग का मावळला याची उत्तरे लोक नव्या पिढीच्या आवडीत शोधतात. तेही कारण आहेच. पण आवड बदलायच्या आधी जागा गेली, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

लेस्टरवर १९४४ मध्येच दुसरा घाव बसला. तो 'जॅमिन द ब्लूज' या ज्यॉन मिलीच्या छोट्या चित्रपटात दिसला आणि काही काळातच त्याला सैन्यात जावे लागले. दक्षिणेत, अलाबामात. ज्या मुलखाला त्याने तरुणपणी नकार दिला होता तिथेच. त्याच्याजवळ गांजा आणि गुंगीच्या गोळ्या सापडल्या, फेब्रुवारी १९४५ मध्ये कोर्टमार्शल झाले आणि जॉर्जियातल्या लष्करी तुरुंगात त्याने महिने काढले. सुटल्यावरही तो सुंदर वाजवत होता. तुरुंगानंतरचा लेस्टर संपलेला होता, हे मत मला मुळीच मान्य नाही. पण आता तो वाजवत होता खुर्च्यांपुढे. 'जाझ ॲट द फिलहार्मोनिक' या दौऱ्यांत सभागृहे भरत, टाळ्या पडत, पैसा चांगला मिळे, गोऱ्या-काळ्यांना एकत्र बसवण्याचा आग्रह धरला जाई, आणि हे फार मोठे काम होते. नाचणाऱ्यांचा ताल मात्र त्याच्याकडे परत यायचा थांबला. १९५८ मध्ये सॅव्हॉय बंद पडली, ती पाडून तिथे घरे बांधली गेली. १५ मार्च १९५९ ला, पॅरिसहून परतल्यावर लगेच, लेस्टर न्यूयॉर्कमधल्या ॲल्विन हॉटेलात वारला. वय अवघे ४९.

आपल्याकडे स्विंगचा हा झरा कसा आला, तेही सांगायला हवे. १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा काळ्या अमेरिकी वादकांचा बँड मुंबईच्या ताजमध्ये वाजवायला आला, त्यामागून पियानोवादक टेडी वेदरफोर्ड. ताजच्या बॉलरूममध्ये लोक नाचायलाच येत. चर्चच्या शाळांत स्वरलेखन वाचायला शिकलेले गोव्याचे वादक या मंडळींकडून स्विंग उचलत होते. मिकी कोरियाचा बँड १९३९ पासून दोन दशकांहून अधिक काळ ताजमध्ये होता. 'चिक चॉकलेट' या नावाने गाजलेला गोव्याचा ट्रंपेटवादक आंतोनियो झेवियर वाझ तिथून चित्रपटाच्या स्टुडिओत पोहोचला, पुणतांब्याच्या संगीतकार रामचंद्र चितळकरांकडे. १९५१ चा 'अलबेला' आठवा. चितळकरांच्या चाली, चिक चॉकलेटचा बँड आणि पडद्यावर नाचणारे भगवानदादा. भगवानदादांच्या नाचात मोठ्या उड्या नाहीत. खांदे सैल, गुडघे नरम, पाय जमिनीपासून जेमतेम उचललेले, आणि तरी ताल अंगभर. आपल्या गणपतीच्या मिरवणुकीत ही चाल अजून जिवंत आहे. ॲबीच्या बँडपासून तिथवर सरळ रेषा काढण्याचा मी आग्रह धरणार नाही, पण वाट मधल्या माणसांसकट दिसते आहे. मुंबईतही दारूबंदी आली तशी हॉटेलांतले बँड आणि नाचाच्या रात्री ओसरत गेल्या. तिथे कर, इथे बंदी, पण बुडाली ती नाचाची जागाच.

फ्रँकी मॅनिंग दरम्यान पोस्टात नोकरी करत होता, जवळजवळ तीस वर्षे. १९८० च्या दशकात स्वीडनमधले आणि कॅलिफोर्नियातले तरुण जुन्या फिल्मा पाहून लिंडी हॉप शिकू पाहत होते, त्यांनी त्याला शोधून काढले. सत्तरी ओलांडल्यावर तो पुन्हा शिकवायला लागला आणि २००९ मध्ये, पंच्याण्णवावा वाढदिवस महिनाभरावर असताना वारला, तोवर शिकवतच होता. स्वीडनमधल्या हेरेंग गावात दर उन्हाळ्यात जगभरचे नाचणारे जमतात. तिथे वाजते काय, तर बेसीच्या १९३७ ते १९३९ च्या तबकड्या, आणि अर्थात लेस्टर. पुष्कळ तरुण वादक आज उलट दिशेने येतात. आधी लिंडी हॉप शिकतात, मग आपण ज्यावर नाचतो ते वाजवतो कोण, असे विचारत सॅक्सोफोनपाशी पोहोचतात. लेस्टरच्या वाटेचे हे दुसरे टोक, आणि जाझ शिकवणाऱ्या शाळांनी त्याची दखल घ्यावी असे मला मनापासून वाटते. सूर आणि श्रुती वर्गात शिकता येतात, पण तीन पावले दोन मात्रांत कशी बसतात ते फरशीवरच कळते.

आता 'शू शाइन बॉय' लावतो. तबकडी तीन मिनिटांची आहे. लेस्टर सुरू झाला की वॉल्टर पेजच्या बासवर कान ठेवा आणि लेस्टरचे वाक्य कुठे टेकते ते पायाने शोधा. पुढच्या तीन रांगांतल्या मंडळींनी खुर्च्या जरा मागे घेतल्या, तर इथे दहा-बारा जणांपुरती जागा होईल.